पैसा, खरेदी आणि श्रद्धा: ख्रिस्ती वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईतल्या एका पतपेढीत मी बरीच वर्षं हिशेब लिहिले. निवृत्त झाल्यावर धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) तरुण मंडळींबरोबर महिन्यातून एकदा बसायला लागलो आणि तेव्हापासून प्रश्न येतच राहिले. कुणी मिस्सेनंतर पायरीवर गाठतं, कुणी मयताच्या घरी बाजूला बोलावतं, कुणी रात्री उशिरा फोन करतं. तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. मी धर्मगुरू नाही आणि वकीलही नाही. कॅथलिक आहे, पण अहिल्यानगर आणि मराठवाड्याकडचे प्रोटेस्टंट बंधुभगिनीही बरेच लिहितात, त्यामुळे दोन्हीकडचे शब्द येतील.

१. पैसा हेच सगळ्या पापाचं मूळ, असं बायबलमध्ये आहे ना?

नाही. पौलाने तीमथ्याला लिहिलं ते पैशाच्या लोभाबद्दल (१ तीमथ्य ६:१०). येशूबरोबर गावोगाव फिरणाऱ्यांचा खर्च योहान्ना आणि इतर काही स्त्रिया स्वतःच्या पैशातून चालवत होत्या, हे लूकने आठव्या अध्यायात नोंदवून ठेवलं आहे. त्यांना कुणी पापी म्हटलं नाही. येशूचा इशारा वेगळ्या गोष्टीबद्दल आहे. एका नोकराला दोन धनी चालत नाहीत, तसं देव आणि धन या दोघांची चाकरी एकाच वेळी जमणार नाही (मत्तय ६:२४). धन तिथे घरातली वस्तू म्हणून येत नाही, मालक म्हणून येतं. खिशात पैसा असला म्हणून बिघडत नाही. पैसा सांगेल तसं आपण उठू-बसू लागलो, की बिघडतं.

२. मग पैशाबद्दल ख्रिस्ती माणसाने सगळ्यात आधी विचार कशाचा करायचा? दानाचाच ना?

दानाचा विचार नंतर. आधी मजुरी.

हे मी ठासून सांगतो, कारण आपल्याकडे हिशेब नेमका उलटा झाला आहे. रविवारच्या पाकिटात किती घालायचं यावर चर्चा होते, पण आपल्याकडे राबलेल्या माणसाचे पैसे कधी दिले यावर होत नाही. शास्त्र मात्र मजुरीबद्दल फार बारकाईने बोलतं. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नकोस (लेवीय १९:१३). सूर्य मावळायच्या आत दे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो (अनुवाद २४:१५). आणि याकोब तर म्हणतो की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती आरोळी देवाच्या कानी जाते (याकोब ५:४).

आमच्या वाडीत केळीला पाणी लावायला, पानवेली बांधायला माणसं यायची. संध्याकाळी ती विहिरीवर हातपाय धुऊन ओट्यावर टेकायची. आई चूल पेटवायच्याही आधी लुगड्याच्या पदराची गाठ सोडायची आणि नाणी मोजून त्यांच्या ओंजळीत ठेवायची. सुटे नसले तर मला शेजारी पिटाळायची. 'उद्या ये' हे शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. अनुवादाचा चोविसावा अध्याय मी पुढे वाचला, तेव्हा मला तो ओटाच दिसला.

पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी या प्रश्नाकडे परत येणार आहे.

३. घरकामाच्या ताईंना आमच्या इमारतीत चालतो तोच दर आम्ही देतो. मग आमचं चुकलं कुठे?

कदाचित चुकलं नसेल. पण 'चालतो तो दर' आणि 'न्याय्य दर' एकच असतात असं धरून चालू नका. पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढलं, त्याचा गाभाच हा आहे. दोघांनी राजीखुशीने ठरवली एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही. पोट जाळत असलेला माणूस कमी पैशालाही हो म्हणतो आणि तसं 'हो' म्हणवून घेणं ही बळजबरीच होते, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

घरात करता येण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. आठवड्याची सुट्टी पगारी द्या. तुम्ही गावाला गेलात म्हणून तिचे दिवस कापू नका, सुट्टी तुम्ही घेतली आहे, तिने नाही. ती हिंदू असेल तर बोनस नाताळला न देता दिवाळीला द्या, म्हणजे तो तिच्या घरी वेळेवर पोचेल. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे, तिथे तिची नोंदणी करून द्यायला मदत करा. फॉर्म भरायला बसलात तर एक दुपार जाते, तेवढंच.

४. ख्रिस्ती अर्थशास्त्र म्हणजे भांडवलशाही की समाजवाद?

हा प्रश्न बहुतेक कॉलेजातली मुलं विचारतात आणि एका शब्दात उत्तर मिळालं नाही की नाराज होतात.

वर सांगितलेल्या १८९१ च्या परिपत्रकाने खासगी मालमत्तेचा हक्क मान्य केला आणि सगळी मालमत्ता सरकारने ताब्यात घ्यावी ही कल्पना नाकारली. पण त्याच पानांवर असंही लिहिलं, की मूठभर धनिकांनी असंख्य कष्टकऱ्यांच्या मानेवर जवळजवळ गुलामीचं जू ठेवलं आहे. कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे हेही तिथेच आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ॲमस्टरडॅममध्ये अब्राहम कायपर या प्रोटेस्टंट पुढाऱ्याने ख्रिस्ती सामाजिक परिषदेत गरिबीचा प्रश्न मांडला. आजचे पोप चौदावे लिओ मे २०२५ मध्ये निवडून आले. लिओ हे नाव घेण्यामागे १८९१ च्या परिपत्रकाची आठवण आहे, असं त्यांनी स्वतः सांगितलं, कारण यंत्रांची नवी क्रांती पुन्हा कामगाराच्या दारात उभी आहे.

पण मला आपल्या मुलांना रोमपेक्षा आधी वर्ध्याला न्यायचं असतं. जोसेफ कॉर्नेलिअस कुमारप्पा (१८९२ ते १९६०) हे तंजावरचे तमिळ ख्रिस्ती गृहस्थ. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाले, मुंबईत व्यवसाय केला, कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारण शिकले. १९२९ मध्ये गांधीजींना भेटले आणि सूटबूट सोडून खादीत आले. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम कुमारप्पांनी उभं केलं: तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाश्या. येशूची शिकवण आणि अर्थकारण यांना वेगळं करता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. 'सविनय कायदेभंगाच्या चळवळीत पडू नका' म्हणणाऱ्या चर्चच्या वरिष्ठांशी त्यांनी त्यावरून उघड वाद घातला.

तुरुंगात लिहिलेल्या एका पुस्तकात त्यांनी अर्थव्यवहाराचे पाच प्रकार निसर्गातून मांडले. वाघ मेंढी मारून जगतो. माकड आंबराईत काहीच न लावता फळं खातं. पक्षी स्वतःच्या कष्टाने स्वतःचं घरटं बांधतो. मधमाशी साऱ्या पोळ्यासाठी मध गोळा करते. आणि पक्षीण परतफेडीची अपेक्षा न ठेवता पिलांना भरवते. माझ्याकडे कुणी नवा धंदा काढायचा म्हणून सल्ल्याला आला, की मी त्याला हे पाच प्राणी सांगतो आणि 'यातला तुझा कुठला?' एवढंच विचारतो. भांडवलशाही की समाजवाद या वादापेक्षा त्यातून कितीतरी अधिक कळतं.

५. दशांश द्यायलाच हवा का? आणि तो एकूण पगारावर की हातात पडणाऱ्या पगारावर?

कॅथलिक चर्चमध्ये दहा टक्क्यांची सक्ती नाही. चर्चच्या गरजांना आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावणं मात्र कर्तव्य आहे. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या दशांश पाळतात आणि तो शिस्तीचा चांगला मार्ग आहे. पण पौलाने करिंथच्या मंडळीला टक्केवारी सांगितली नाही. मनाने ठरवून, कुरकुर न करता द्या, एवढंच सांगितलं (२ करिंथ ९:७).

एकूण की निव्वळ, याचं उत्तर शास्त्रात नाही. भविष्य निर्वाह निधी कापून उरलेल्यावर दिलंत तरी देव वजाबाकी तपासत बसत नाही. तपासायचंच असेल तर दशांशाचा मूळ उपयोग तपासा. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा होता, लेवी (उपासनेची सेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून (अनुवाद १४:२८-२९). तुमच्या दशांशातला काही भाग त्या चौघांपर्यंत पोचतो का? येशूने पुदिना आणि जिऱ्याचा दशांश मोजणाऱ्यांना न्याय आणि दया विसरल्याबद्दल झापलं होतं (मत्तय २३:२३), तेही याच कारणाने.

६. एका प्रार्थनासभेत सांगतात, विश्वासाने दहा हजार पेर, देव शंभरपट देईल. हे खरं का?

हे ऐकून कुणी सोनं गहाण ठेवायला निघालं असेल, तर आजच थांबवा.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी म्हणजे देवाचं वचन, असं येशूनेच समजावून सांगितलं आहे. ती नोटांची गोष्ट नाही. पौल बंदिवासात होता. ईयोब नीतिमान असताना कंगाल झाला. मंदिरात शेवटची दोन नाणी टाकणारी विधवा दुसऱ्या दिवशी श्रीमंत झाली, असं मार्कने लिहिलेलं नाही. गरिबी ही अविश्वासाची शिक्षा आहे असं शिकवलं की आजारी आणि कर्जबाजारी माणूस दुहेरी भरडला जातो: पैसेही जातात आणि वर 'तुझाच विश्वास कमी पडला' हेही ऐकून घ्यावं लागतं. अशा सभेतून परतलेल्या बायकांचं रडणं मी काउंटरच्या या बाजूने ऐकलं आहे. देणाऱ्याला आनंद मिळतो, घरात समाधान येतं, हे मी मानतो. पण व्याजदर ठरवून देवाशी व्यवहार करता येत नाही.

७. 'उद्याची चिंता करू नका' म्हटलंय. मग विमा, मुदत ठेव, म्युच्युअल फंड हे अविश्वासाचं लक्षण नाही का?

नाही. योसेफाने मिसरात सात वर्षं धान्य साठवलं आणि त्याने लोक जगले. नीतिसूत्रे मुंगीकडे बोट दाखवतात. लूकच्या बाराव्या अध्यायातला धनवान मूर्ख ठरला, तो त्याने साठवलं म्हणून नव्हे. त्याचं बोलणं नीट वाचा: माझं पीक, माझी कोठारं, माझा माल. शेजारी, मजूर, देव, कुणाचाच उल्लेख नाही.

फंड घेताना त्यात तंबाखू-दारूच्या कंपन्या आहेत का, हे बघता येतं. यादी दर महिन्याला जाहीर होते.

८. व्याज घेणं पाप आहे ना? मग ख्रिस्ती बँका कशा चालतात?

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि तो माझ्या आवडीचाही आहे.

जुन्या करारात गरीब बांधवाला दिलेल्या कर्जावर व्याज घ्यायला बंदी आहे (निर्गम २२:२५). ३२५ सालच्या निकायाच्या परिषदेने व्याज घेणाऱ्या धर्मसेवकांना पदावरून काढण्याचा नियम केला. मध्ययुगात ही बंदी सर्वांनाच लागू झाली. पुढे व्यापार वाढला. धंद्यासाठी घेतलेलं भांडवल आणि उपाशी माणसाने घेतलेलं धान्यकर्ज यात फरक आहे, हे लोकांच्या लक्षात आलं. सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट सुधारकाने गरिबांना वगळून माफक व्याजाला वाट दिली. १७४५ मध्ये पोप चौदाव्या बेनेडिक्ट यांनी नुसत्या कर्जावरचा नफा पुन्हा निषिद्ध ठरवला, पण वेगळ्या न्याय्य कारणासाठी मोबदला घेता येतो, हेही मान्य केलं.

बंदीमागचं कारण मात्र कधीच जुनं झालं नाही. दुसऱ्याच्या अडचणीतून आपली कमाई होऊ नये, हे ते कारण. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत राइफायझन या प्रोटेस्टंट नगराध्यक्षाने सावकारीत बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी पतसंस्था काढल्या, त्या याच भावनेतून. आमच्या वसईत १९१८ मध्ये कॅथलिक सहकारी बँक स्थापन झाली, तीही धर्मगुरूंच्या पुढाकाराने. वाडीवाल्याला गरज लागायची पेरणीला आणि लग्नाला, आणि दोन्ही वेळा सावकार तयार बसलेला असायचा. सभासदांच्याच ठेवींतून सभासदांना कर्ज, व्याज सगळ्यांना माहीत असलेलं, नफा पुन्हा सभासदांकडे. असं व्याज आणि महिना दहा टक्क्यांनी दिलेले 'हातउसने' यांना एकाच तराजूत टाकू नका. दुसरा प्रकार मात्र पाप आहे, देणारा रविवारी पहिल्या बाकावर बसत असला तरी.

९. शून्य टक्के हप्त्यावर फोन घेतला. व्याजच नाही, मग यात काय चुकलं?

आधी हिशेब करू. दुकानात फोन ३६,००० ला, महिना ३,००० चे १२ हप्ते. रोख दिलेत तर दुकानदार २,००० सोडतो आणि हप्त्यावर घेतलात तर ५०० फाइल चार्ज सुरुवातीलाच घेतो. म्हणजे तुम्हाला खरं कर्ज मिळालं ३३,५०० चं आणि तुम्ही फेडलेत ३६,०००. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरलं, तर हे व्याज वर्षाला साधारण साडेतेरा टक्के पडतं. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं.

फोन घेणं पाप नाही. पण अशा चार वस्तूंचे हप्ते एकत्र झाले की पगाराचा पहिला आठवडा आपला राहत नाही. मग पुढचं दृश्य मी पतपेढीत पुष्कळदा पाहिलं: घरकामाच्या ताईचे पैसे 'पुढच्या महिन्यात'. जाहिरातीने आपल्याला घाई करायला शिकवलं आणि त्या घाईची किंमत प्रश्न २ मधल्या माणसाने मोजली. तुम्हाला विकत घ्यायच्या वस्तूचं नाव कागदावर लिहून तीस दिवस फ्रिजवर लावा. तीस दिवसांनीही ती हवीशी वाटली तर रोखीने घ्या. आमच्या गटातल्या मुलांनी हे करून पाहिलं. बऱ्याच जणांनी कागद काढून टाकला.

१०. मित्र कर्जाला जामीन राहायला सांगतो. नाही म्हटलं तर ख्रिस्ती प्रेम कुठे राहिलं?

नीतिसूत्रे ६ आणि २२ दोन्ही ठिकाणी जामीन राहू नका असा सल्ला आहे, आणि तो अनुभवी माणसाचा आहे. जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे. मित्राने फेडलं नाही तर तुम्ही फेडणार, असं सही करून दिलेलं वचन आहे ते. तेवढी रक्कम बुडाली तरी मैत्री टिकेल आणि घर चालेल, अशी खात्री असेल तरच सही करा. नसेल तर झेपेल तेवढी रक्कम दानच म्हणून द्या. लूक ६:३५ परतफेडीची आशा न धरता द्या म्हणतो, त्यात जामिनाचा उल्लेख नाही.

११. लग्नावर आणि नाताळावर खर्च केला तर बिघडलं कुठे? काना गावात येशूने स्वतः द्राक्षारस पुरवला ना?

काना गावाचा दाखला माझ्यासमोर कॅटररच्या कोटेशनबरोबरच येतो. तिथे सहा दगडी रांजण भरले, हे खरं. पण गोष्ट संपन्न घराची नाही. घरधन्याकडचं संपलं होतं, पाहुण्यांसमोर मान खाली जाणार होती, आणि येशूने ती वाचवली. त्या रांजणांसाठी कुणी कर्ज काढलं नव्हतं.

आपल्या लग्नात बँड वाजावा, मांडव पडावा, गावाने जेवावं, हे मला मनापासून आवडतं. सणाला कंजूसपणा हा काही धर्म नव्हे. प्रश्न चढाओढीचा आहे. शेजारच्या लग्नात तीन गोड पदार्थ होते म्हणून आपल्याकडे पाच, आणि वधूच्या बापाने त्यासाठी वाडीचा तुकडा गहाण टाकलेला. हे थांबवायचं तर सुरुवात ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी करावी. श्रीमंत घराने साधं लग्न केलं की गरीब घराला साधं लग्न करताना लाज वाटत नाही.

आणि ज्यांच्या नावाने भेटवस्तूंचा बाजार भरतो ते संत निकोलस, त्यांची जुनी आख्यायिका माहीत असू द्या. हुंड्याला पैसे नाहीत म्हणून ज्यांच्यावर वाईट वेळ येणार होती, अशा तीन मुलींच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप पैशाच्या थैल्या टाकल्या. नाव लावलं नाही.

१२. रविवारी घरबसल्या जेवण मागवणं चालतं का?

शब्बाथाची आज्ञा पूर्ण वाचली तर ती एकट्या मालकासाठी नाही: तुझा दास, तुझी दासी यांनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास (अनुवाद ५:१४-१५). मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० पासून मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. ते सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. रविवार खंडोबाचाही वार, ही बाजूही त्यांनी मांडली. आज आपण ज्या निवांत रविवारी मिस्सेला जातो, तो एका बिगरख्रिस्ती मराठी माणसाने कामगारांना मिळवून दिला.

तर मागवणं बंदच करा असं मी म्हणणार नाही, तो मुलगा त्यावरच जगतो. पण सवयीने मागवू नका, पावसात दहा मिनिटांचा हट्ट धरू नका, आणि बक्षीस ॲपवर न देता हातात द्या. ज्यांना रविवारी ड्युटी करावीच लागते, नर्स, पोलीस, चालक, त्यांना यात दोष नाही. कॅथलिकांना शनिवारची संध्याकाळची मिस्सा चालते.

१३. चर्चच्या फेस्ताला (सणाला) हाऊजी (तंबोला) होते. मग मोबाइलवरची पैशाची रमी का चालत नाही?

कॅथलिक शिकवणीत नशिबाचा खेळ मुळातच पाप नाही. माणसाच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या गरजेचे पैसे त्यात जाऊ लागले, किंवा त्याचं व्यसन जडलं, की तो निषिद्ध. हाऊजीला वीस रुपयांचं तिकीट, दोन तास, मग सगळे घरी. मोबाइलवरचा खेळ रात्रभर उशाशी असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला, त्यामुळे आता कायद्याचाही प्रश्न आहे. आणि हाऊजीची बक्षिसं दरवर्षी मोठी होत चालली असतील, तर फेस्ताच्या समितीनेही थोडं थांबून बघावं.

१४. फ्लॅट घेताना थोडी रक्कम रोख द्यावीच लागते. सगळेच देतात. आणि त्या पैशातून चर्चला दान दिलं तर?

सगळेच देतात, हे मला माहीत आहे. तरीही ते खोटं दस्तऐवज करणं आणि कर चुकवणं आहे. ज्याला कर द्यायचा त्याला कर द्या, असं रोमकरांस १३:७ सांगतं. पूर्ण रक्कम कागदावर घेणारा विक्रेता शोधायला वेळ लागतो, घर थोडं लहान घ्यावं लागतं. आमच्या गटात दोन कुटुंबांनी तसं केलं आहे.

दानाबद्दल: यहूदाने परत फेकलेले तीस रुपये याजकांनी मंदिराच्या खजिन्यात घेतले नाहीत (मत्तय २७:६). जक्कय जकातदाराने लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं आणि अर्धी मालमत्ता गरिबांना. चर्चला देणगी त्याच्या यादीत नव्हती. ज्याचं घेतलं त्याला परत जातं, आणि सरकारचं बुडवलं असेल तर सरकारला.

१५. वडिलोपार्जित वाडी बिल्डरला विकणं चूक आहे का?

बर्णबाने शेत विकलं आणि पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले. म्हणजे विकणं हेच पाप, असं नाही. पण 'जमीन माझी आहे, तुम्ही उपरे आहात' हे देवाचं वाक्य (लेवीय २५:२३) आणि नाबोथाने अहाब राजाला वडिलांचा मळा नाकारल्याची गोष्ट, दोन्ही वसईकराने विसरू नयेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लढा उभारला तेव्हा विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जात होतं आणि धमक्याही येत होत्या. आज पाहा: जिथे मोगरा होता तिथे पार्किंग आहे, आणि विहिरीला मचूळ पाणी.

विकायचीच वेळ आली तर एक गोष्ट आधी करा. बहिणींचा हिस्सा. आपल्याकडे सह्या घेऊन त्यांना एखादी साडी आणि जेवण देऊन हक्कसोड करून घेतात. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर, ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा आहे (गोव्याचा वारसा कायदा वेगळा आहे). सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेसमोर उभं राहून वडिलांच्या जमिनीचा वाटा मागितला होता आणि देवाने 'त्यांचं म्हणणं बरोबर आहे' असा निवाडा दिला (गणना २७).

१६. कुणाला मत द्यायचं हे फादर किंवा पाळक सांगू शकतात का? चर्चने राजकारणात पडूच नये ना?

दोन वेगळे प्रश्न आहेत. कुणा उमेदवाराचं नाव वेदीवरून घेऊ नये. धर्मगुरूने राजकीय पक्षात सक्रिय भाग घेऊ नये, असं कॅथलिक नियम सांगतात (कलम २८७). लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्याचा अर्थ आणखी व्यापक केला.

पण पाणी, मजुरी, जमीन, रेशन यावर चर्चने बोलायलाच हवं. आमोस संदेष्टा खोट्या तराजूवर बोलला तेव्हा तो राजकारणात पडला होता का? डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईत आले, तेव्हा त्यांनी राष्ट्रांना शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग गरिबांच्या जागतिक निधीला द्यायचं आवाहन केलं. आणि त्यांच्या दौऱ्यासाठी भेट आलेली मोटार मदर तेरेसांना देऊन गेले. तिची सोडत काढून आलेला पैसा कुष्ठरुग्णांच्या वसाहतीला लागला. ख्रिस्ती सार्वजनिक जीवनाचं आणखी एक उदाहरण म्हणजे घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी. आपल्या समाजाने राखीव जागा मागू नयेत, अशी भूमिका त्यांनी घेतली. स्वतःच्या कमाईचा मोठा भाग त्यांनी कलकत्ता विद्यापीठाला दिला.

१७. राखीव जागा नकोत म्हणालो, मग आता दलित ख्रिस्ती सवलती का मागतात? ख्रिस्तात जात नसते ना?

मुखर्जींची गोष्ट धर्माच्या आधारावरच्या राखीव जागांची होती. हा प्रश्न अस्पृश्यतेचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम आले नाहीत. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला.

अहिल्यानगर, मराठवाड्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आलेले. बाप्तिस्म्याने गावकुसाबाहेरचं घर आत आलं नाही. 'ख्रिस्तात जात नसते' हे वाक्य खरं आहे, पण ते आपल्या कबरस्थानात आणि सोयरिकीतही खरं आहे का, याचं उत्तर आधी उच्चवर्णीय म्हणवणाऱ्या ख्रिस्ती घरांनी द्यायचं आहे.

१८. मी एका ख्रिस्ती संस्थेत शिपाई आहे. पगार किमान वेतनापेक्षा कमी आणि तोही उशिरा. 'सेवा समजून कर' म्हणतात. बोलावं का?

बोलावं. हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा येतो आणि दर वेळी लाज वाटते. शाळांकडून प्रवेशासाठी मागितल्या जाणाऱ्या 'देणगी'बद्दल येणारे प्रश्नही याच घरातले आहेत (महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने ती बंद आहे).

सेवा समजून करायचं असेल तर ते करणाऱ्याने ठरवायचं असतं. करवून घेणाऱ्याने तसं म्हणायचं नसतं. प्रश्न २ मधली सगळी वचनं संस्थेलाही लागू आहेत, तिच्या दारावर क्रूस असेल तर जरा जास्तच. मत्तय १८ मधला क्रम पाळा. आधी प्रमुखांना एकट्याने भेटा. ऐकलं नाही तर दोघा-तिघांना सोबत न्या. मग लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. संस्था कॅथलिक असेल तर चर्चच्या कायद्याचं कलम १२८६ दाखवा. मालमत्ता सांभाळणाऱ्यांनी देशाचे कामगार कायदे काटेकोर पाळावेत आणि काम करणाऱ्याला त्याचं व त्याच्या कुटुंबाचं भागेल असं न्याय्य वेतन द्यावं, असं त्यात लिहिलेलं आहे. धर्मग्रामातली संस्था असेल तर आर्थिक समितीच्या सभासदांनाही एकेक प्रत द्या. प्रत्येक धर्मग्रामात अशी समिती असावीच लागते (कलम ५३७). तरीही दाद लागली नाही, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करणं हा तुमचा हक्क आहे आणि त्याने चर्चशी द्रोह होत नाही. पगाराच्या तारखा आणि रकमा एका वहीत आजपासून लिहायला लागा. मला भेटायला याल तेव्हा ती वही घेऊन या, अर्ज आपण बसून लिहू.